लॉख अर्नच्या काठाने सायकल : फर्मॅनातल्या जुन्या इस्टेटी, बेटं आणि डोळ्यांना न दिसणारी सीमा

रानवारा :
सायकलवर सामान लादून जुनी सरदारी घरं बघत हिंडायचं म्हटलं की आपल्यातले बहुतेक जण थेट फ्रान्सच्या लुआर खोऱ्याकडे वळतात. सपाट रस्ते, ओळीने किल्ले, सगळं छानच आहे. पण आज मला लिहायचंय ते उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्याबद्दल. तलाव आणि इस्टेटी यांचं नातं मला दुसरीकडे कुठे एवढं स्पष्ट दिसलं नाही आणि ते सायकलवरूनच कळतं असं माझं ठाम मत आहे. गाडीने गेलात तर एका पार्किंगमधून निघून दुसऱ्या पार्किंगमध्ये पोचता, मधला भाग गायब, आणि खरी गोष्ट त्या मधल्या भागातच आहे.

आधी थोडा भूगोल. अर्न नदी परगण्याच्या मधोमध वाहते आणि वाटेत तिचे दोन मोठे तलाव होतात. अप्पर लॉख अर्न नकाशात खाली, दक्षिणेला, आणि लोअर लॉख अर्न वर उत्तरेला, कारण नदी वायव्येकडे जाऊन डॉनेगॉलमध्ये समुद्राला मिळते. दोघांच्या मध्ये बेटावर वसलेलं एनिस्किलन. लोअर हा खरा मोकळा तलाव, वारा सुटला की चांगल्या लाटा उठतात. अप्पर म्हणजे नुसता चक्रव्यूह. हिमयुगात बर्फाने मागे सोडलेल्या मातीच्या लांबट टेकड्या, ड्रमलिन म्हणतात त्यांना, टोपलीत अंडी रचून ठेवावीत तशा एकमेकींना खेटून आहेत, त्यांच्या मधल्या खोलगट जागांत पाणी शिरलं आणि टेकड्यांची बेटं झाली. आता सायकलवाल्याला याचा अर्थ काय, तर रस्ता सतत वर-खाली. एकही चढ मोठा नाही पण एकही किलोमीटर सपाट नाही. तिकडची एक म्हण आहे, उन्हाळ्यात तलाव फर्मॅनात असतो आणि हिवाळ्यात फर्मॅना तलावात.

आता इस्टेटी. एनिस्किलनमधून बाहेर पडलं की दोन-तीन किलोमीटरवर कॅसल कूल. लॉरी-कॉरी घराण्यातल्या पहिल्या अर्ल ऑफ बेलमोरने १७८९ ते १७९८ मध्ये बांधून घेतलं, आराखडा जेम्स वायटचा. बाहेरून लावलेला पांढुरका दगड पार इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडहून जहाजाने बॅलिशॅननला उतरवून मग इथवर आणलेला. आत एक शाही शयनगृह आहे, चौथा जॉर्ज राजा १८२१ मध्ये आयर्लंडला आला तेव्हा तो इथे उतरेल म्हणून लाल भरजरी सजवलं आणि राजा काही आलाच नाही. पण मी सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबलो असेन तर नोकरांच्या बोगद्यात. घरापासून तबेल्याच्या चौकापर्यंत जमिनीखालून दगडी कमानींचा रस्ता काढलाय, का तर खिडकीत बसलेल्या मालकांना आणि पाहुण्यांना हिरवळीवरून चालणारे नोकर दिसू नयेत. वर सगळं उजेडाचं, प्रमाणबद्ध, आणि खाली हा गार अंधार, जिथून कोळसा, पाणी, जेवण सगळं आत जायचं. आधी वरचे दिवाणखाने बघा आणि मग बोगद्यात उतरा, हा क्रम चुकवू नका.

तिथून नैऋत्येला साधारण तेरा किलोमीटरवर फ्लॉरेन्स कोर्ट, कोल घराण्याचं. मागे कुल्का डोंगर उभा, समोर कुरणं. १९५५ मध्ये या घराला मोठी आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी वरच्या मजल्यावर साचलं आणि जेवणघराच्या प्लास्टरच्या नक्षीचं छत कोसळायच्या बेतात आलं. तेव्हा गावातल्या बांधकामवाल्यांनी छताला भोकं पाडून पाणी खाली सोडून दिलं म्हणून ते वाचलं. आज खाली उभं राहून वर बघितलं की तो निर्णय घेणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं. आवारात पाण्यावर चालणारी करवतीची गिरणी आहे, बर्फघर आहे, आणि झाडीतून थोडं चालत गेलं की आयरिश यू या सदाहरित जातीचं मूळ झाड. अठराव्या शतकात इथल्या एका कुळाला डोंगरउतारावर ताठ सरळ वाढणारी यूची रोपं सापडली, त्यातलं एक त्याने मालकाला दिलं, तेच हे. त्या झाडाच्या बिया पेरल्या तर तशी ताठ वाढणारी झाडं येत नाहीत, म्हणून फांद्यांची छाटकलमं करत करत जगभरातल्या चर्चच्या आवारात आणि बागांत ती ताठ उभी आयरिश यू पसरली, सगळी या एका झाडाची लेकरं. झाड स्वतः आता विस्कटलेलं, वाकडंतिकडं, दमट सावलीत उभं आहे. फलक नसता तर कुणी वळून बघितलं नसतं.

तिसरी क्रॉम, अप्पर लॉखच्या काठावर, आणि माझी सगळ्यात आवडती. तिच्याबद्दल खाली लिहितो, हे आधीच लांबलं. कुणी गेलंय का त्या बाजूला?

शेवंती :
वा, नुसतं वाचून जावंसं वाटायला लागलं. मी आतापर्यंत सपाटीवरच्याच टूर केल्यात, चढावर सामानासकट कधी नाही गेलेय. हे ड्रमलिन प्रकरण झेपेल का नवख्या माणसाला? आणि वारा?

टेकडीवाला :
रानवारा, मस्त धागा. मी किंगफिशर ट्रेल पूर्ण केलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा साधारण ४८० किलोमीटरचा खुणा केलेला मार्ग आहे, फर्मॅनाबरोबर लीट्रिम, कॅव्हन, डॉनेगॉल आणि मोनहॅनचे तुकडेही त्यात येतात, राष्ट्रीय सायकल जाळ्यात त्याचा नंबर ९१. जवळजवळ सगळा लहान गल्लीबोळासारख्या ग्रामीण रस्त्यांवरून जातो, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी. माझं म्हणणं, एवढ्या लांब जाताच आहात तर अख्खा करा, नुसती तीन घरं बघून परत यायचं म्हणजे अर्धवट वाटतं. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर काढले की आरामात होतो.

रानवारा :
टेकडीवाला, ट्रेल सुंदर आहे यात वादच नाही, पण सत्तर-ऐंशीचा हिशोब मला इथे पटत नाही. ही घरं आतून बघायची तर बहुतेक ठिकाणी वाटाड्याबरोबरच सोडतात आणि ठरलेल्या वेळीच, म्हणजे दुपारचे दोन तास तिथेच गेले. मग बाग, गिरणी, तलावाकाठची वाट. त्यात बेटावर जायचं तर बोटीची वेळ सांभाळा. सत्तर किलोमीटर डोक्यात असले की माणूस चार वाजता बोगद्यात न उतरताच निघतो. माझा आग्रह तीस-चाळीसचा आहे, फार तर पन्नास. आणि मधले थांबे मोजत नाही मी त्यात. इस्टेटीची हद्द कुठे सुरू झाली हे सायकलवर तुम्हाला आपोआप कळतं. इतका वेळ हॉथॉर्नची अस्ताव्यस्त कुंपणं चाललेली असतात आणि एकदम रस्त्याच्या एका बाजूला डोक्याएवढी दगडी भिंत सुरू होते, पलीकडे ओक आणि बीचची जुनी झाडं, किलोमीटरभर ती भिंत संपतच नाही, मग छोटंसं नक्षीदार द्वाररक्षकाचं घर, लोखंडी फाटक. अख्खा आठ आकडा काढायच्या घाईत हे निसटतं असं माझं प्रामाणिक मत.

शेवंती, झेपेल. चढ लहान आहेत पण काही चांगलेच उभे असतात, तेव्हा हलका गिअर हवाच. उतरून ढकलायला काहीच हरकत नाही, रस्त्यावर गर्दी नसते. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून, अटलांटिकवरून सरळ येतो. त्यामुळे लोअर लॉखच्या लांब पट्ट्यात पश्चिम टोकाच्या बलीककडून एनिस्किलनकडे आलात तर पाठीवर वारा मिळायची शक्यता जास्त. आणि दक्षिण काठावरचा ए-४६ हा मोठा रस्ता शक्यतो टाळा, गाड्या वेगात असतात आणि कडेला जागा नाही.

बखरकार :
धागा आवडला. एक बाजू जोडतो, कारण ही घरं बघताना ती माहीत असली तर डोळे वेगळे होतात.

हा सगळा मुलूख मग्वायर घराण्याचा होता. एनिस्किलनचा किल्ला मूळ त्यांचा, पंधराव्या शतकातला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेतले मोठे आयरिश सरदार देश सोडून गेले, १६०७ ची ती घटना, आणि मग इंग्रज राजवटीने अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातल्या जमिनी जप्त करून इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या लोकांना वाटल्या. एनिस्किलन मिळालं विल्यम कोलला. रानवारांनी लिहिलेल्या फ्लॉरेन्स कोर्टचे कोल ते याच घराण्यातले, पुढे ते अर्ल ऑफ एनिस्किलन झाले. क्रॉमचा जुना किल्लाही असाच, १६११ च्या सुमाराला मायकेल बाल्फोर या स्कॉटिश माणसाने बांधलेला. त्याला १६८९ मध्ये दोन वेढे पडले, दोन्ही त्याने सोसले, आणि १७६४ मध्ये साध्या अपघाती आगीत तो जळाला. म्हणजे पहिली दीड-दोनशे वर्षं ही मंडळी भिंतीआड, भीतीत राहत होती. जमीन हातात पक्की बसल्यावर मगच कॅसल कूलसारखी मोठ्या खिडक्यांची, चहूबाजूंनी उघडी घरं आली. घराची खिडकी किती मोठी आहे ते बघत जा, काळ कळतो.

आणि हे सगळं चाललं कुळांच्या खंडावर. घराभोवतीची बाग, जंगल, तलाव हे मालकाचं खासगी राखीव आवार, आपल्याकडच्या शेरी जमिनीच्या जवळ जाणारं, आणि त्यापलीकडे हजारो एकर कुळांकडे. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात हे कुळांचं जग उद्ध्वस्त झालं. क्रॉमचे अर्ल ऑफ अर्न यांची मेयो परगण्यातही जमीन होती आणि तिथला त्यांचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट, ज्याच्याशी १८८० मध्ये गावाने सगळे व्यवहार बंद केले. पुढे जमीन कायदे झाले, विशेषतः १९०३ चा, त्यातून कुळांनी जमिनी विकत घेतल्या. आज तुम्ही ज्या छोट्या शेतांमधून सायकल चालवता ती बहुतेक त्या वेळी कुळांची झालेली शेतं आहेत. म्हणून रानवारांचं बरोबर आहे, मधला भाग बघितलाच पाहिजे.

शेवंती :
बखरकार, खिडक्यांचं फार आवडलं. हे आता मी कुठेही गेले तरी बघणार.

ओली_माती :
मी डब्लिनला असते. व्हिसाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, हे नीट वाचा कृपया. फर्मॅना हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे, शेजारचे कॅव्हन, लीट्रिम, डॉनेगॉल, मोनहॅन हे आयर्लंड प्रजासत्ताकात. सीमेवर चौकी नाही, फाटक नाही, साधी पाटीही कित्येक छोट्या रस्त्यांवर नाही. तुम्हाला कळतं ते एवढंच की वेगमर्यादेचे आकडे किलोमीटरचे मैल झाले, रस्त्याच्या कडेच्या रेषेचा रंग बदलला आणि दुकानात युरोऐवजी पौंड. पण भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडचा प्रवेश कायदेशीर असावा लागतो. ज्यांच्याकडे आयर्लंडचं रहिवासी कार्ड आहे त्यांनाही उत्तर आयर्लंडसाठी ब्रिटिश व्हिसा लागतो, "आपण इथलेच" असं धरून चालू नका. भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्यांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे, व्हिसावर बीआयव्हीएस असा शेरा असेल तर एकाच व्हिसावर दोन्ही देश चालतात, फक्त ज्या देशाने व्हिसा दिलाय तिथे आधी उतरावं लागतं. अर्ज करायच्या आधी सरकारी साइटवर ताजे नियम बघा.

दुसरं, एनिस्किलनला रेल्वे नाही. १९५७ मध्ये फर्मॅनातली रेल्वे बंद झाली. डब्लिन किंवा बेलफास्टहून बस आहे, सायकल पोटातल्या सामानाच्या जागेत, तीही जागा असेल तर. माझ्या मते त्यापेक्षा बरं म्हणजे डब्लिनहून स्लायगोच्या गाडीने कॅरिक-ऑन-शॅननला उतरायचं, सायकलच्या जागा मोजक्या असतात तेव्हा आधी बुक करायची, आणि तिथून शॅनन-अर्न जलमार्गाच्या बाजूबाजूने चालवत उत्तरेला यायचं. हा कालवा मूळ १८६० चा, त्या काळात त्यावरून मोजक्याच बोटी गेल्या आणि तो बंद पडून झाडाझुडपांत हरवला होता. १९९४ मध्ये दुरुस्त करून पुन्हा सुरू केला, ६३ किलोमीटर आणि १६ जलद्वारं. एखाद्या जलद्वारापाशी सायकल टेकवून बसा, बोटवाले स्वतःच यंत्रावर कार्ड लावून दारं उघड-बंद करतात, पाणी चढतं, बोट वर येते. बघत राहावंसं वाटतं.

रानवारा :
ओली_माती, व्हिसाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, धन्यवाद. आणि तुमचा रस्ता खरंच उत्तम, कारण त्याने तुम्ही पाण्याच्या वाटेनेच अर्नला येता.

त्याच पट्ट्यात बेल्टर्बेटकडून डेरिलिनकडे येताना ॲहालेनचा पूल लागतो. जुना दगडी पूल उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात, १९७२ मध्ये, स्फोटाने उडवला गेला होता आणि सीमेवरचा हा रस्ता पंचवीसेक वर्षं बंद होता. असे कितीतरी लहान रस्ते त्या काळात काँक्रीटचे ठोकळे टाकून नाहीतर खड्डे खणून बंद केले होते. शेजारच्या गावात जायला लोकांना मैलोन्मैल वळसा पडायचा. नवा पूल १९९९ मध्ये झाला, शांतता कराराची बोलणी घडवून आणणाऱ्या जॉर्ज मिचेल यांचं नाव त्याला दिलंय. खाली तोच जलमार्ग वाहतो. आज आपण एका मिनिटात ओलांडतो तो पूल, म्हणून मुद्दाम थांबा म्हणतो.

पाणवठा :
पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनो, किंगफिशर ट्रेलचा किंगफिशर म्हणजे आपला छोटा खंड्याच, जात तीच. पहाटे शांत खाडीसारख्या जागी दिसतो, निळी रेघ पाण्यावरून गेल्यासारखा, बसलेला दिसायला धीर लागतो. लोअर लॉखमधल्या काही बेटांवर कर्लू घरटी करतात, त्यांची ती लांबत जाणारी शीळ संध्याकाळी पाण्यावरून येते. क्रॉमला वटवाघळं, पाइन मार्टेन (झाडांवर चढणारा, मुंगसासारखा दिसणारा प्राणी), पाणमांजर. कॅसल कूलच्या तळ्यावर ग्रेलॅग बदकहंसांची जुनी वसाहत, हंस आहेत तोवर बेलमोर घराणं इथे राहील अशी तिथली समजूत.

लोअर लॉखच्या पूर्व काठावर कॅसल आर्चडेल चुकवू नका. मूळ मोठं घर आता नाही, पण चौकाच्या इमारती आहेत आणि तिथे लहानसं संग्रहालय. दुसऱ्या महायुद्धात हा समुद्री विमानांचा तळ होता, तलावावरूनच विमानं उडायची. २६ मे १९४१ ला बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचा ठावठिकाणा लावणारं कॅटलिना विमान इथूनच निघालं होतं. आयर्लंड युद्धात तटस्थ होता तरी डॉनेगॉलवरून अटलांटिककडे जायला एक चिंचोळा हवाई पट्टा त्यांनी ब्रिटिशांना गुपचूप वापरू दिला होता, तो नसता तर विमानांना केवढा वळसा पडला असता. तिथल्याच धक्क्यावरून व्हाइट आयलंडला बोट जाते, पडक्या चर्चच्या भिंतीत बसवलेल्या जुन्या दगडी मूर्ती, मोठे डोळे, गोल चेहरे. बोट हंगामातच, वेळ विचारून ठेवा.

रानवारा :
पाणवठा, फार छान. उत्तर काठाने असंच पुढे गेलं की बोआ बेट, पूल असल्यामुळे सायकलवरून सरळ जाता येतं, तिथल्या जुन्या दफनभूमीत दोन तोंडांची दगडी मूर्ती आहे. आणि बलीकच्या अलीकडे कॅसल कॉल्डवेल. ही पडकी इस्टेट, जुन्या रेल्वेच्या कमानीखालून आत जायचं. फाटकापाशी फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, आकाराचा दगड उभा आहे. डेनिस मॅककेब नावाचा वादक १३ ऑगस्ट १७७० ला मालकाच्या सेंट पॅट्रिक नावाच्या बोटीतून पाण्यात पडून बुडाला, त्याची आठवण. मजकूर पावसाने झिजलाय, अक्षरांवरून हाताचं बोट फिरवत वाचावा लागतो. एका फिडलवाल्याचा दगड उभा आहे आणि मालकाचं घर मात्र आयव्हीखाली गेलंय. याच इस्टेटीच्या जमिनीत चिनीमातीच्या कामाची खनिजं सापडली आणि त्यातून १८५७ मध्ये बलीकचा कारखाना निघाला, तो अजून चालू आहे. दुष्काळानंतर भागात लोकांना काम मिळावं हाही विचार त्यामागे होता.

आता क्रॉम. फ्लॉरेन्स कोर्टकडून डेरिलिनला यायचं, तिथून बी-१२७ ने ट्रास्ना बेटावरून दोन पूल ओलांडून लिस्नस्कीला. हा रस्ता अक्षरशः तलावाच्या मधून जातो, दोन्ही बाजूंना पाणी, लव्हाळी, गाई गुडघाभर पाण्यात. लिस्नस्कीत बाल्फोर किल्ल्याचे अवशेष बघून न्यूटाउनबटलर आणि मग क्रॉम. नवा किल्ला अजून अर्न घराण्याचं राहतं घर आहे, तो लांबूनच बघायचा. पण जुन्या किल्ल्याचे पडके बुरूज, त्याच्याशेजारी एकमेकांत गुंतलेले दोन प्रचंड जुने यू वृक्ष, समोर पाण्यात गॅड बेटावर एकटा मनोरा, हे सगळं खुलं आहे. यूच्या फांद्यांखाली वाकून आत शिरलं की एक खोलीच तयार झालेली असते, खोडं लालसर, पिळवटलेली, जमिनीवर उन्हाचा एक ठिपका नाही. क्रॉमला रस्ता येतो खरा पण ही जागा पाण्याकडे तोंड करून बसलीये. चर्च एका काठावर आणि घर दुसऱ्या, बोटीसाठी बांधलेली बोटघरं, सगळं येणंजाणं पाण्यावरून. ट्रास्नाचे पूल ओलांडून आलेल्याला हे सांगावं लागत नाही.

चक्रधर :
सायकलबद्दल थोडं. पुढे-मागे मडगार्ड पाहिजेच, पूर्ण लांबीचे. पाऊस मुसळधार नसतो पण येत राहतो, आणि शेतांमधल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरने आणलेला चिखल आणि शेण असतं. त्या ओल्या कचकचीने रिम ब्रेकची पॅडं लवकर झिजतात, जास्तीचा जोड बरोबर ठेवा. टायर ३५ मिमी किंवा थोडा रुंद, फार खाचांचा नको. चेनला ओल्या हवेतलं जाड तेल. गिअरमध्ये पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी यांच्या दात्यांचा आकडा जवळपास सारखा असेल तर सामानासकट ड्रमलिन निघतात. भिजलेले हातमोजे वाळत नाहीत म्हणून दोन जोड. अंगावर काहीतरी भडक रंगाचं, कारण कुंपणझाडी उंच आणि वळणं आंधळी. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, त्यामुळे ती एक काळजी कमी.

टेकडीवाला :
चक्रधर, ब्रेकपॅडला जोरदार अनुमोदन. रानवारा, तुमचं वाचून एवढं मान्य करतो की मी कॅसल कूलचा बोगदा बघितला नाही, घर बाहेरूनच बघून पुढे निघालो होतो. तरी पण लीट्रिमचा भाग सोडायला माझं मन तयार नाही, तिथली छोटी तळी आणि सुनसान रस्ते हेच मला सगळ्यात आवडलं होतं. जास्त वेळ काढून दोन्ही करा, असं म्हणू का?

रानवारा :
असं म्हणालात तर भांडणच मिटलं. दक्षिणेचं वर्तुळ आणि उत्तरेचं वर्तुळ वेगवेगळ्या वेळी करायलाही काही अडत नाही, एनिस्किलन दोन्हीला सामाईकच आहे.

शेवंती :
अजून दोन प्रश्न. आईला बरोबर न्यायचा विचार आहे, तिला ई-बाइक घेतली तर चालेल? आणि आम्ही दोघी शाकाहारी. तंबूचं काय, कुठेही लावता येतो का?

ओली_माती :
शेवंती, ई-बाइक चालेल, काकूंना ड्रमलिनवर तीच बरी. मोटर पेडल मारल्यावरच मदत करणारी, २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच जोर देणारी हवी, तशी सायकल म्हणूनच धरली जाते. जेवणाचं, मोठ्या गावांत अडचण नाही, छोट्या गावांत सूप, गव्हाचा सोडा ब्रेड, बटाट्याचे प्रकार. बॉक्स्टी म्हणून किसलेल्या आणि उकडलेल्या बटाट्याची धिरड्यासारखी पोळी या भागातली खास, फक्त बरोबर बेकन असतं ते नको म्हणून सांगा. रविवारी आणि संध्याकाळी लवकर दुकानं बंद होतात तेव्हा पिशवीत काहीतरी ठेवाच.

रानवारा :
तंबू कुठेही नाही लावता येत. स्कॉटलंडसारखा मोकळा हक्क उत्तर आयर्लंडमध्ये नाही, जमीन मालकाची परवानगी लागते. शेतकऱ्याला विचारलं तर बरेचदा हो म्हणतात, पण विचारल्याशिवाय नाही, आणि इस्टेटीच्या आवारात तर नाहीच. कॅसल आर्चडेलला आणि क्रॉमला अधिकृत सोय आहे. महिना म्हणाल तर मे अखेर ते जून. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे घर बघून झाल्यावरही चालवायला तीन-चार तास उजेड असतो. जुलै-ऑगस्टला शांत दमट संध्याकाळी मिज, म्हणजे चावणारे बारीक चिलट, तलावाकाठी त्रास देतात, वारा असेल तर नाही. हिवाळ्यात मैदानं-बागांचे बरेच भाग उघडे असतात पण घरं बहुतेक बंद. तीनही इस्टेटी नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, त्यांच्या साइटवर त्या त्या दिवसाच्या वेळा असतात, निघायच्या आदल्या रात्री बघा, कारण एखाद्या लग्नासाठी घर बंद असू शकतं.

शेवंती, आईंसाठी मी म्हणेन एनिस्किलनलाच मुक्काम ठेवा आणि रिकाम्या सायकलींनी जाऊन येऊन करा. कॅसल कूल एक दिवस, त्याच दिवशी डेव्हनिश बेटावर बोटीने जाऊन तिथला साधारण २५ मीटर उंचीचा गोल मनोरा बघता येईल, बाराव्या शतकातला आहे. दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्स कोर्ट आरामात. क्रॉम साधारण ३५ किलोमीटर आहे, जाऊन येऊन एका दिवसात जमेल पण तिथे राहायची सोय मिळाली तर एक रात्र तिथेच काढा. मार्गाची फाइल मी इथे टाकतो, ए-४६ आणि ए-४ चे तुकडे वगळून बनवतोय, एक-दोन ठिकाणी शेतरस्ते अजून तपासायचे आहेत.